सुबक दातांचं भूत

चादरीचं एक टोक दोरीवर चिमट्यात अडकवलं होतं आणि दुसरं माझ्या हातात ठिबकत होतं, तेवढ्यात भावोजी गॅलरीच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा असा, की कोणाचं तरी आजारपण सांगायला आलेत.

"वहिनी, थोडा वेळ आहे का?"

"चादर वाळत घालतेय."

"चादर झाल्यावर?"

"चादरीनंतर अभ्रे आहेत."

"मग आत्ताच या," ते म्हणाले. "मला तुम्हाला घाबरवायचंय."

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. दाताच्या लॅबमध्ये कामाला आहेत. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन लॅबमध्ये पाठवतो, आणि मग प्लास्टर, मेण, गुलाबी हिरडी, त्यात एकेक दात असं करत भावोजी कवळी बनवतात. पेशंट त्यांना कधी भेटत नाही, नुसता जबडा भेटतो. त्यामुळे माणसाकडे बघायची त्यांची रीतच वेगळी. लग्नाचे फोटो दाखवले तर नवरानवरी राहतात बाजूला, आणि हे म्हणतात, "मुलीच्या मामांचा खालचा दात कोणीतरी फार छान बसवलाय." त्यांचं स्वतःचं लग्नही असंच जमलं. जाऊबाई बसमधून उतरताना पडल्या, पुढचा दात तुटला, साचा भावोजींच्या टेबलावर आला. उरलेल्या दातांची ओळ बघून हे इतके खूश झाले, की एरवी कोणाशी न बोलणारा माणूस डॉक्टरला पेशंटचं नाव विचारायला गेला. जाऊबाई अजूनही सांगतात, "यांनी मला पसंत केलं तेव्हा माझं तोंड प्लास्टरचं होतं, म्हणून मध्ये बोलता आलं नाही."

स्वभावाने भावोजी भित्रे. जिन्यातला दिवा गेला असेल तर मोठ्याने गाणं म्हणत वर येतात, आणि गाणं जितकं उडत्या चालीचं तितकी त्या दिवशी भीती जास्त, हे आम्हाला ऐकून ऐकून कळायला लागलंय. पालीला ते 'ती' म्हणतात. अशा माणसाने भुताचा व्हिडिओ गेम बनवायला घेतला, यात देवाची काय योजना असेल ते देवच जाणे. पण मला वाटतं, स्वयंपाक करणाऱ्याला जशी भूक कळायला हवी, तशी भूत बनवणाऱ्याला भीती कळायला हवी. त्या बाबतीत भावोजींचा हात धरणारं कोणी नाही.

लॅबमधून आल्यावर जेवणाच्या टेबलावर जुना लॅपटॉप मांडून, इंटरनेटवरचे धडे बघत ते हे शिकले. घरी बनवलेल्या छोट्या खेळांचं एक प्रदर्शन भरतं. लोक आपापले खेळ पाठवतात, त्यातले निवडक तिथे मांडतात, अनोळखी माणसं येऊन खेळतात. गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी भावोजींनी शेवटच्या दिवशी माघार घेतली होती. "अजून थोडं राहिलंय," म्हणाले आणि लॅपटॉप मिटला. दोन्ही वेळा नंतर आठवडाभर जेवताना मान वर केली नाही. आज पुन्हा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी मुदत संपायची.

"पण मीच का?" मी विचारलं. "लॅबमधल्या कोणाला दाखवा."

"दाखवलं. सगळे म्हणतात छान आहे. भुताला छान म्हणतात का कोणी? तुम्ही खोटं बोलत नाही, वहिनी. तुम्ही घाबरलात तर पाठवतो. नाहीतर या वर्षीही राहू दे."

खोटं बोलायचं नाही हा माझा नेम आहे खरा. देवासाठी धरलेला नेम असा दिरासाठी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. चादरीचं दुसरं टोक मी तसंच दोरीवर टाकलं आणि हात पुसत आत गेले.

जाऊबाई सोफ्यावर बिस्किटांचा पुडा घेऊन बसल्या होत्या. सासूबाईंचा सोफ्यावर काही खायचं नाही असा हुकूम आहे, पण सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. आमचे हे कामासाठी परगावी.

"ताई, बसा," जाऊबाई म्हणाल्या. "पाणी ठेवलंय जवळ. यांनीच ठेवायला लावलं, तुम्हाला चक्कर आली तर म्हणून."

खेळाचं नाव 'कवळी परत द्या'. गोष्ट साधी. एका म्हातारीची कवळी बनून तयार होते, पण न्यायला यायच्या आधीच ती बाई वारते. लॅब बंद झाल्यावर एक कारागीर चुकून आत अडकतो, आणि म्हातारी आपली कवळी शोधत येते. कारागिराने वरची कवळी शोधायची, खालची शोधायची, दोन्ही पाण्याच्या पेल्यात ठेवायच्या, की म्हातारीला शांती आणि याची सुटका. मारामारी नाही, बंदूक नाही. हातात एक टॉर्च, आणि लपायला कपाटं. तासाभरात खेळ संपतो. तेवढं मला बरं वाटलं, कारण अभ्रे बादलीत होते.

पडद्यावर अंधारी खोली आली. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. कुठलं बटण कशाचं ते जाऊबाई सांगत होत्या. भावोजी माझ्या मागे उभे, नजर पडद्यावर नाही, माझ्या मानेवर.

लॅब मात्र अगदी हुबेहूब केली होती. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने, प्रत्येकाखाली चिठ्ठी. मेण वितळवायचा दिवा. बेसिनचा नळ टपटप गळत होता. मी पहिल्यांदा तो बंद केला. एक खण अर्धवट उघडा होता, तो लोटला. खोलीत काही नव्हतं म्हणून दिवा मालवून बाहेर पडले. पुढच्या खोलीत शिरले, दिवा लावला, बघितलं, खण उघडले, लावले, दिवा मालवला. असं करत मला वरची कवळी सापडली, मग खालचीही सापडली. पेला सापडला, त्यात पाणी भरलं, नळ नीट पिळून बंद केला. कवळी पेल्यात ठेवली. पडद्यावर आलं, की म्हातारीला शांती लाभली.

"लाभो," मी म्हटलं. "फार नीटनेटकी लॅब आहे हो, भावोजी. पण म्हातारी कुठे होती?"

भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"वहिनी, तुम्ही दिवे का मालवलेत?"

"खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा नाही?"

"आणि खण?"

"उघडे टाकायचे?"

ते खुर्चीत बसले. मग हळूहळू कळलं, की खेळाची सगळी मेख तिथेच होती. जिथे दिवा चालू राहतो, खण उघडा राहतो, नळ गळत राहतो, तिथे म्हातारी येते. घाबरलेला माणूस आवराआवर करत बसत नाही, धावत सुटतो, आणि मागे सोडलेल्या पसाऱ्याच्या वासावर ती त्याला गाठते. लॅबमधल्या पोरांनी खेळला तेव्हा ती पावलोपावली आली होती. माझ्याकडे तिला यायला कारणच मिळालं नाही.

"अहो, मी खेळते," जाऊबाई म्हणाल्या. "माझ्याकडे येईल ती. मी कपाटाचं दार लावलंय असं कधी झालंय का?"

ते खरंच होतं. जाऊबाई बसल्या आणि त्यांनी दोन खोल्यांत असा काही गोंधळ घातला, की म्हातारी जवळजवळ धावतच आली. कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहिली. पांढरे केस, पांढरी साडी, सरळ पुढे येत येत तिने तोंड उघडलं.

जाऊबाई पडद्याजवळ वाकल्या. "अगं बाई, काय सुंदर दात आहेत हो हिचे. ताई, बघा तरी."

मी बघितले. खरोखर सुबक होते. एकसारखे, शुभ्र पण डोळ्यांत न खुपणारे, सुळ्यांना किंचित गोलाई. असे दात असणारी बाई आपला गळा आवळेल असं कोणाला वाटणार? ती आता हसून आपल्याला पत्ता विचारेल असंच वाटत होतं.

"मला असे बनवून दिले नाहीत कधी," जाऊबाई म्हणाल्या आणि हसू लागल्या. म्हातारीने त्यांचा गळा आवळला तरी हसतच होत्या.

भावोजींचं तोंड एवढंसं झालं होतं. मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवेना, म्हणून मी आधी चांगलं काय ते सांगायला घेतलं. म्हटलं, "खोल्या इतक्या खऱ्या आहेत, की प्लास्टरची भुकटी नाकात गेल्यासारखी वाटते. रक्त नाही, किळस नाही, हे फार बरं केलंत. आणि ती म्हातारी वाईट नाही, तिला फक्त तिची वस्तू हवीय, हे मला आवडलं. मी तिच्यासाठी प्रार्थनाही करीन."

"आणि वाईट?"

"टॉर्च फार लवकर मरते. चिठ्ठ्यांची अक्षरं मुंगीएवढी, चष्मा लावूनही लागत नाहीत. कॉरिडॉर तोच तोच येतो."

"मला दुसरा काढायचा कंटाळा आला होता."

"ते कळतं."

"आणि भीती?"

मी गप्प बसले. नेम धरलेल्या माणसाने गप्प बसणं हेच उत्तर असतं.

"राहू दे मग," भावोजी उठत म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. अजून थोडं राहिलंय." आणि ते पाणी प्यायला वळले. लॅपटॉप मिटायचा तसाच राहिला, खेळ आत चालूच.

आणि त्या शांततेत आवाज आला. टक. टक-टक. टक.

पुढे जे झालं ते क्षणार्धात झालं. जाऊबाईंच्या हातातला बिस्किटांचा पुडा उशीखाली गेला. माझा हात आपोआप विसकटलेल्या टेबलक्लॉथवर गेला आणि तो सरळ करू लागला. भावोजींनी पेल्याला तोंड लावून पाणी प्यायला सुरुवात केली होती, तो त्यांनी झटकन खाली ठेवला आणि ताठ उभे राहिले. तिघांच्याही माना आतल्या खोलीच्या दाराकडे वळल्या.

दारात कोणीच नव्हतं.

टक-टक, पुन्हा आवाज आला. लॅपटॉपमधून. मघाच्या बोलण्या-हसण्यात तो ऐकूच आला नव्हता.

आमच्या घरात हा आवाज सगळ्यांना ठाऊक आहे. सासूबाईंची कवळी भावोजींनीच केलेली, पण हिरड्या झिजल्या आणि ती सैल झाली. त्यांना चालताना जिभेने ती वरखाली करायची सवय, त्यामुळे त्या येण्याआधी त्यांचा आवाज येतो. तो ऐकला की ज्याने त्याने जे करू नये ते करणं थांबवायचं. कवळी घट्ट करून दे म्हणून सासूबाई वर्षभर भावोजींच्या मागे लागल्या होत्या, आणि दर वेळी उत्तर एकच, "करतो, आई."

"अहो," जाऊबाई सावकाश म्हणाल्या, "हा आईंचा आवाज आहे."

"थोडासा," भावोजी म्हणाले. "रेकॉर्ड केलाय. ती मावशीशी फोनवर बोलत फेऱ्या मारत होती तेव्हा."

"कोण माझा आवाज काढतंय?"

आम्ही तिघेही जागच्या जागी उडालो. सासूबाई आमच्या मागेच उभ्या होत्या. दुपारी झोपताना कवळी काढून ठेवतात, त्यामुळे कुठलाच आवाज न होता आल्या होत्या. एका हातात कवळीचा पेला. गाल आत गेलेले, केस सुटलेले.

"म्हणजे वर्षभर माझे दात खुळखुळत ठेवलेस, ते या डब्यात घालण्यासाठी?"

"आई, आवाज पुन्हा लागला असता तर..."

"पेरूची फोड मी कधी शेवटची चावली ते आठवतं का तुला, धाकट्या? मला तर आठवत नाही." त्या पडद्याकडे वळल्या. "ही बया कोण?"

भावोजींनी मान खाली घालून सगळी गोष्ट सांगितली. सासूबाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग पडद्यावर बोट ठेवलं.

"ही काय शोधतेय म्हणालास?"

"कवळी."

"मग हिच्या तोंडात काय आहे?"

मी पडद्याकडे बघितलं, जाऊबाईंनी बघितलं. दोन वर्षं हा खेळ घरात चालू होता, लॅबमधल्या सगळ्यांनी बघितला होता, आम्ही दोघींनी आताच त्या दातांचं तोंडभर कौतुक केलं होतं. भावोजी मटकन खुर्चीवर बसले.

"आई, माझ्या लक्षातच आलं नाही."

"लक्षात कसं येत नाही रे?"

"रिकामं तोंड मला बघवत नाही," ते म्हणाले. "समोर आलं की हात आपोआप भरायला लागतात. तिचा चेहरा काढला आणि पहिले दात बसवले. डोळे नंतर."

"रिकामं तोंड बघवत नाही म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "हे बघ." आणि त्यांनी मुलाच्या चेहऱ्यासमोर वाकून तोंड उघडलं.

भावोजी खुर्चीसकट मागे सरकले. रिकाम्या तोंडाला त्या दिवशी घाबरलेलं पहिलं माणूस ते स्वतःच.

"कळलं?" सासूबाईंनी पेल्यातून वरची आणि खालची कवळी काढली, पदराला पुसली आणि भावोजींच्या शर्टाच्या खिशात टाकली. "आता ही घट्ट केल्याशिवाय मला परत देऊ नकोस. तोवर मी खीर खाईन."

भावोजी उठायला गेले. खिशात वरची कवळी खालचीवर आपटली. टक. ते थबकले. एक पाऊल पुढे टाकलं. टक-टक. त्यांचा हात खिशावर गेला आणि तसाच राहिला.

"अहो, काय झालं?" जाऊबाई म्हणाल्या.

"ती वाजवत नाही," भावोजी म्हणाले. "तिच्याकडे दातच नाहीत. कवळी आपल्या खिशात आहे. ती जवळ आली की आपल्याच खिशात वाजते."

जाऊबाईंनी उशीखालून पुडा काढला आणि सासूबाईंच्या देखत एक बिस्किट तोंडात टाकलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. माझ्या बघण्यात असं पहिल्यांदाच झालं.

मग भावोजी कामाला बसले. म्हातारीचे दात काढायचे होते. त्यांनी प्रत्येक दात वेगळा काढलेला, प्रत्येकाची छटा वेगळी, त्यामुळे एकेक करूनच काढावे लागले. त्यांचा चेहरा असा, की भूल न घेता स्वतःचेच उपटतायत. "हा सुळा बघा, वहिनी," मध्येच म्हणाले, "हा लागायला एक अख्खी सुट्टी गेली होती." मी म्हटलं, "काढा." मी गॅलरीत जाऊन चादर नीट घातली, अभ्रे पिळून वाळत घातले. दर वेळी आत डोकावले, की म्हातारीचं तोंड थोडं अधिक रिकामं झालेलं असायचं आणि ती थोडी अधिक ओळखीची वाटायला लागलेली असायची. सासूबाई शेजारी बसून लक्ष ठेवून होत्या. "गाल अजून आत घे. कवळी काढल्यावर गाल असे राहतात का?"

संध्याकाळ होत आली तेव्हा मला पुन्हा बोलावणं आलं. जाऊबाईंनी पडदे ओढले.

या वेळीही मी नळ बंद केला, खण लावले, दिवे मालवले. वरची कवळी सापडली, खिशात टाकली. खालची सापडली, तीही टाकली. कॉरिडॉर तोच, टॉर्च तशीच मरतुकडी. मनात म्हटलं, या वेळीही म्हातारी यायची नाही, बिचाऱ्या भावोजींचं काय होणार.

टक.

मागे बघितलं, कोणी नाही. दोन पावलं टाकली. टक-टक. थांबले तरी टक-टक. आवाज माझ्याच अंगावरून येत होता. आवरलेल्या खोलीत, मालवलेल्या दिव्याखाली, काहीही उघडं न टाकता मी उभी होते आणि तरी वाजत होतं; तिची वस्तू माझ्याकडे होती, तिला आता पसारा कशाला लागतो? मी पळाले. कुठल्या तरी खोलीत शिरले, दिवा लावला. दाराआडून म्हातारी वाकून बघत होती. तिने तोंड उघडलं आणि त्यात काहीच नव्हतं.

माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं, तेही अर्धंच. खुर्ची मागे लोटून मी उठले आणि सासूबाईंचा हात धरला.

"वहिनी," भावोजी हळूच म्हणाले, "खोलीतला दिवा चालू राहिला."

"राहू दे," मी म्हटलं.

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात मी कुठला दिवा चालू राहू दे म्हटल्याचं कोणाला आठवत नाही. जाऊबाई तर म्हणाल्या, "आता पाठवाच. याच्यापुढे काही नाही."

पण घोडं पुन्हा तिथेच अडलं. पाठवायच्या बटणावर बोट, आणि बोट हलेना. शेवट फार अचानक होतो म्हणाले. कॉरिडॉरचं वहिनी म्हणतात ते खरं आहे म्हणाले. अक्षरं मोठी करायला हवीत. अनोळखी माणसं हसली तर? पुढच्या वर्षी सगळं नीट करून...

"पुढच्या वर्षापर्यंत तुला माझा आवाज लागेल का?" सासूबाईंनी विचारलं.

"लागेलही कदाचित."

"म्हणजे तोवर कवळी अशीच."

सासूबाईंनी फक्त वाकून, मुलाच्या तोंडासमोर, आपलं तोंड पुन्हा उघडलं.

भावोजींनी डोळे घट्ट मिटले आणि बटण दाबलं.

गेला. पडद्यावर मिळाल्याचं उत्तर आलं तरी त्यांनी डोळे उघडले नव्हते. जाऊबाईंना ते वाचून दाखवावं लागलं. निवड होते की नाही ते पुढे कळेल. मी माझ्या प्रार्थनेत घातलंय, पण देवाला टॉर्चचं आणि कॉरिडॉरचंही खरं खरं सांगितलंय, कारण तिथेही लपवून उपयोग नाही. रात्री जेवताना भावोजी मान वर करून जेवले. सासूबाईंनी खीर खाल्ली. नंतर जिन्यातला दिवा गेला म्हणून भावोजी कचरा टाकून येताना गाणं म्हणत आले. उडत्या चालीचंच होतं, पण आवाज नेहमीपेक्षा लहान होता.

उद्या सकाळी ते सासूबाईंची कवळी डबीत घालून लॅबमध्ये नेणार आहेत, आतून नवा थर द्यायला. येताना पेरू आणायचे आहेत.